तुमच्या कामाचं आणि तुमच्या कॉम्प्युटरला झेपणारं बुद्धिबळ इंजिन कसं निवडावं

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मला एक फोन हमखास येतो. माणूस दरवर्षी वेगळा, तक्रार तीच. "सर, तुम्ही म्हणालात म्हणून मुलासाठी स्टॉकफिश उतरवून घेतलं. डबल क्लिक केलं तर नुसती काळी खिडकी उघडतेय. वर इंग्रजीत एक ओळ येते आणि पुढे काहीच नाही. पट कुठाय? व्हायरस तर नाही ना शिरला?"

व्हायरस नसतो. माणसाला कधीच हरवता येणार नाही असं इंजिन त्या काळ्या खिडकीत हुकमाची वाट बघत गप्प बसलेलं असतं, फक्त त्याला पट काढता येत नाही. चूक माझीच. मी नाव सांगून मोकळा झालो, बाकीचं सांगायचं राहिलं. ते आता सविस्तर लिहितो.

इंजिन वेगळं, पट वेगळा

मिक्सरची मोटर वेगळी आणि भांडं वेगळं, तसं हे आहे. चाल शोधणं हे इंजिनचं काम. पट दाखवणं, सोंगट्या सरकवणं, घड्याळ लावणं, डाव साठवणं हे इंटरफेसचं काम. या दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे रूडॉल्फ हुबर आणि स्टेफान मायर-कालेन यांनी २००० साली ठरवून दिलं. त्या बोलीचं नाव यूसीआय. ती येणारं कुठलंही इंजिन ती येणाऱ्या कुठल्याही पटाला जोडता येतं. एका कंपनीचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मोटरवर बसवणं मिक्सरवाल्यांना अजून जमलेलं नाही, बुद्धिबळवाल्यांनी पाव शतकापूर्वीच जमवलं.

म्हणजे "कुठला प्रोग्रॅम घेऊ?" हा एक प्रश्न नाही, दोन आहेत: पट कुठला आणि त्याच्या मागे इंजिन कुठलं. लुकास चेस, फ्रिट्झ, फोनवरचं ड्रॉइडफिश अशा प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकत्र बांधून मिळतात. बाकी ठिकाणी जोडणी आपली आपण करायची. ती पाच मिनिटांची असते, पण ती करायची असते हे कुणीतरी आधी सांगावं लागतं.

ताकदीची यादी बाजूला ठेवा

इंटरनेटवर शोधलं की आधी क्रमवारी सापडते. सीसीआरएलसारख्या याद्यांत वरच्या इंजिनांचं रेटिंग ३५०० च्या पुढे दिसतं. मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग २८८२, मे २०१४ मधलं. अर्थात हे दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत, कारण इंजिनांची रेटिंग इंजिनांनी आपापसात खेळून ठरलेली असतात. पण फरकाचा अंदाज येतो.

१९९७ मध्ये कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवणारं डीप ब्लू हे यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं आणि त्यासाठी दोन मोठी कपाटं लागायची. तुमच्या खिशातला फोन सेकंदाला काही लाखच स्थिती तपासतो, तरी त्यावरचं आजचं स्टॉकफिश डीप ब्लूपेक्षा कितीतरी सरस खेळतं. नुसत्या वेगावर काही ठरत नाही, कुठली फांदी सोडून द्यायची याची अक्कल आता इंजिनांना आली आहे. तेव्हा पहिल्या क्रमांकाचं इंजिन घ्यावं की पाचव्या, हा वाद आपल्यासाठी म्हणजे बादलीभर पाणी हवं असताना कोयना मोठी की उजनी यावर भांडण्यातला प्रकार. दोन्ही आपल्याला बुडवायला पुरेशी आहेत.

पायरी पहिली: काम कोणतं ते ठरवा

लोक साधारण तीन कामांसाठी इंजिन शोधतात. कॉम्प्युटरशी खेळायला, आपले खेळलेले डाव तपासायला आणि डावांचा संग्रह ठेवून ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, तयारी करायला. तिन्हींसाठी एकच उत्तर नाही. यात सगळ्यात जास्त फसगत पहिल्या कामात होते, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो.

खेळायला स्टॉकफिश लावलं की मूल चार डावांत रडकुंडीला येतं. मग कुणीतरी सांगतं, ताकद कमी कर. स्टॉकफिशमध्ये स्किल लेव्हल नावाचं ० ते २० पर्यंतचं बटण आहे, शिवाय ठरावीक एलो रेटिंगला बांधून ठेवण्याची सोयही आहे. पण ताकद कमी केलेलं इंजिन माणसासारखं चुकत नाही. पंधरा चाली ग्रँडमास्टरसारखं खेळतं आणि सोळाव्या चालीला कारण नसताना घोडा फुकट देतं. मुलगा जिंकतो, पण शिकत काहीच नाही. स्पर्धेत समोर बसलेला तेराशे रेटिंगचा मुलगा असा चुकत नाही. तो शहाच्या मोहात पडतो, मागे जाणारी उंटाची चाल त्याला दिसत नाही, वजीर लवकर बाहेर काढतो.

तसं चुकणारं इंजिन हवं असेल तर मैया. टोरंटो आणि कॉर्नेल विद्यापीठं आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये ते पुढे आणलं. लिचेस या बुद्धिबळाच्या मोफत संकेतस्थळावर माणसांनी खेळलेले लाखो डाव दाखवून त्याला शिकवलं आहे, आणि शिकवलं आहे ते चांगली चाल शोधायला नाही, तर त्या पातळीचा माणूस इथे काय खेळेल हे ओळखायला. ११०० पासून १९०० पर्यंत शंभर-शंभरच्या टप्प्याने त्याची नऊ जाळी, म्हणजे न्यूरल नेटवर्क, आहेत. लिचेसवर मैया१, मैया५ आणि मैया९ या नावांची बॉट खाती आहेत, ती अनुक्रमे ११००, १५०० आणि १९०० वाली. काहीही न उतरवता त्यांच्याशी खेळून बघता येतं.

कॉम्प्युटरवर मैया बसवायचं तर ते लीला नावाच्या इंजिनातून चालतं. तिथे एक गोष्ट विसरायची नाही: नोड्सची, म्हणजे तपासायच्या स्थितींची, मर्यादा १ ठेवायची. म्हणजे पुढचा विचार न करता पहिली सुचलेली चाल. मर्यादा काढून टाकली की लीलाचा शोध सुरू होतो, खेळ सुधारतो आणि माणूसपण जातं. हे न वाचता बसवणारे "मैया तर भलतंच भारी खेळतंय" अशी तक्रार करतात.

ही खटपट नको असेल तर लुकास चेस घ्या. मोफत आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतं. दिसायला जुन्या सरकारी फॉर्मसारखं आहे, मेनूत मेनू आणि त्यात आणखी मेनू. पण आत अगदी कच्च्या इंजिनापासून पक्क्यापर्यंत शिडीच्या पायऱ्यांसारखी डझनावारी इंजिनं भरली आहेत, मैयाही आहे, शिवाय शह-मातीचे, एंडगेमचे सराव आहेत. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या घरी एकच प्रोग्रॅम टाकायचा असेल तर मी डोळे मिटून हाच टाकतो.

दुसरं काम, डाव तपासणं. इथे मात्र ताकद हवी, आणि ती सगळीकडे फुकट मिळते. आठवड्याला दोन-चार डाव तपासणाऱ्याला खरं तर काही बसवायचीही गरज नाही. लिचेसच्या विश्लेषणाच्या पानावर डावाची पीजीएन, म्हणजे चालींची नोंद, चिकटवली की ब्राउझरमध्येच स्टॉकफिश चालू होतं. हिशेब तुमचाच कॉम्प्युटर करतो, त्यामुळे वेग त्याच्या कुवतीइतका. पूर्ण डावाचं विश्लेषण मागितलं तर ते काम त्यांच्याकडून होऊन येतं आणि कुठे घसरलात ते आलेखावर दिसतं. ज्यांना दिसत नाही अशा खेळाडूंसाठी तिथे स्क्रीन रीडरला जुळणारी वेगळी मांडणीही आहे. माझ्या क्लासमधल्या बहुतेक मुलांचं यावर भागतं. मग स्वतंत्र इंजिन कशाला? इंटरनेट रोजचं नसेल तर, एकाच स्थितीवर अर्धा-एक तास इंजिन चालवायचं असेल तर, किंवा शेकडो डाव एका फाइलीत ठेवून त्यात शोधायचं असेल तर. यातलं काहीच नसेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पायरी दुसरी: मशीनची कुंडली

तीन गोष्टी कागदावर लिहा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का. विंडोज १० किंवा पुढचं असेल तर टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स या टॅबवर तिन्ही दिसतात.

प्रोसेसरचं नाव पूर्ण का लिहायचं, याला कारण आहे. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिशची १२ वी आवृत्ती आली आणि तिच्यात एनएनयूई नावाचं छोटं न्यूरल नेटवर्क आलं. मूळ कल्पना यू नासू यांची, २०१८ मधली, आणि तीही शोगी या जपानी बुद्धिबळासाठी. हे जाळं ग्राफिक्स कार्डाशिवाय साध्या प्रोसेसरवर पळतं, पण एका घासात बरेच आकडे गिळणाऱ्या सूचना प्रोसेसरला येत असतील तरच भराभर पळतं. म्हणून स्टॉकफिशच्या डाउनलोडच्या पानावर एकाच आवृत्तीच्या वेगवेगळ्या फाइली असतात आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो.

इंटेलचा कोअर मालिकेतला चौथ्या पिढीपासूनचा, म्हणजे साधारण २०१३ नंतरचा प्रोसेसर असेल तर एव्हीएक्स२ लिहिलेली फाइल चालते. बीएमआय२ वाली त्याहून जरा वेगवान असते. एएमडीच्या झेन ३ च्या आधीच्या रायझनवर मात्र बीएमआय२ घेऊ नका, त्यातली एक सूचना त्या प्रोसेसरवर रेंगाळते. तिथे एव्हीएक्स२ च बरी. आणि खरी अडचण आहे ती स्वस्त लॅपटॉपची. सेलेरॉन किंवा पेंटियम लिहिलेली मशीन दिसायला नवी असते, बिल दोन-तीन वर्षांपूर्वीचं असतं, तरी यातल्या बऱ्याच प्रोसेसरना एव्हीएक्स२ येत नाही. तिथे ती फाइल उघडता क्षणी बंद पडते, काही सांगतही नाही. अशा मशीनवर एसएसई४१-पॉपसीएनटी नावाची फाइल घ्यायची. ॲपलच्या एम मालिकेच्या चिपसाठी फाइल वेगळी आहे.

कुठली घ्यावी कळत नसेल तर दोन-तीन उतरवा आणि शर्यत लावा. त्याच काळ्या खिडकीत इंग्रजीत बेंच हा शब्द टाइप करून एंटर दाबा. पाटीवरून आकड्यांचा लोंढा वाहतो, थोड्या वेळाने थांबतो, आणि शेवटच्या ओळीत सेकंदाला किती नोड्स तपासले ते येतं. ज्या फाइलीचा आकडा मोठा ती ठेवा, बाकीच्या काढून टाका. जी फाइल न बोलता बंद पडली ती तुमच्या प्रोसेसरची नाही.

फाइल घ्यायची ती स्टॉकफिशच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच, स्टॉकफिशचेस डॉट ऑर्ग. पैसे मागत नाहीत, नावगाव विचारत नाहीत. "फुल व्हर्जन, क्रॅक्ड" असं काही दिसलं तर लांबूनच नमस्कार करा. जी वस्तू मुळात फुकट आहे तिचं कुलूप फोडून देणारा माणूस तुमच्या मशीनमध्ये दुसरंच काही ठेवायला आलेला असतो.

पायरी तिसरी: पट निवडा आणि जोडणी करा

विंडोज १० किंवा पुढचं असेल, मॅक असेल, लिनक्स असेल, तर मी आजकाल एन क्रोसाँ सुचवतो. मोफत, मुक्तस्रोत, दिसायला नीटस, आणि त्याच्या इंजिनांच्या पानावरूनच स्टॉकफिश उतरवून घेता येतं. काळ्या खिडकीचा प्रसंग येतच नाही. सेलेरॉनवाल्यांनी मात्र वर सांगितलेली फाइल आधी हाताने उतरवून मग स्थानिक इंजिन म्हणून जोडलेली बरी.

मशीन फार जुनी असेल, विंडोज ७ वर अडकलेली, तर अरेना. त्याचं रूप दोन हजार सालच्या आसपासचं आहे, पण जुन्या मशीनवर न कुरकुरता चालतं. त्यात इंजिन्स मेनूमधून इन्स्टॉल न्यू इंजिन निवडायचं, स्टॉकफिशची फाइल दाखवायची, प्रकार विचारला तर यूसीआय म्हणायचं, झालं. एक काळजी घ्या: झिप फाइल आधी कायमच्या जागी उलगडा, मग जोडा. बरेच लोक डाउनलोड्समध्येच उलगडतात, महिन्याने तो फोल्डर साफ करतात आणि "इंजिन गेलं" म्हणून फोन करतात. मी सी ड्राइव्हवर चेस नावाचा फोल्डर करतो आणि सगळं त्यातच ठेवतो.

हजारो डाव ठेवायचे असतील तर स्किड व्हर्सेस पीसी बघा. मोफत आहे, तिन्ही प्रकारच्या मशीनवर चालतं, आणि ओपनिंगमध्ये कुठल्या चालीनंतर किती डाव कुणी जिंकले याचं झाड झटक्यात दाखवतं. शिकायला दोन संध्याकाळी जातात. पट कुठलाही घ्या, स्वतःचे डाव मात्र पीजीएनमध्येच साठवा. ती साधी अक्षरांची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. उद्या प्रोग्रॅम बदलला तरी डाव तुमच्याकडेच राहतात.

पायरी चौथी: दोन-तीन खुंट्या पिळा

इंजिन जोडलं की बहुतेक जण लगेच चालू करतात. मूळ सेटिंगमध्ये स्टॉकफिश एकच थ्रेड आणि १६ एमबी हॅश घेऊन चालतं, म्हणजे आठ बैलांच्या नांगराला एकच बैल जुंपल्यासारखं. काही पट हे आकडे आपणहून वाढवतात, काही वाढवत नाहीत. एकदा बघून घ्या.

थ्रेड्स म्हणजे प्रोसेसरचे किती कोअर कामाला लावायचे. चार कोअर असतील तर तीन द्या, एक विंडोजसाठी सोडा. लॅपटॉप असेल तर आणखी हात आखडा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी सगळे कोअर इंजिनला देऊन बघा: दोन मिनिटं वेग छान, मग पंखा बोंबलतो, प्रोसेसर तापून स्वतःचाच वेग उतरवतो आणि शेवटी निम्म्या कोअरवर जेवढं काम झालं असतं तेवढंच होतं. चार्जर लावलेला असू द्या आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

हॅश म्हणजे इंजिनची वही. तपासलेल्या स्थिती त्यात टिपून ठेवतं, म्हणजे तीच स्थिती दुसऱ्या वाटेनं आली तर पुन्हा हिशेब नको. ४ जीबी रॅम असेल तर २५६ किंवा ५१२ एमबी, ८ जीबीला १०२४, १६ जीबीला २०४८ ते ४०९६. याहून जास्त देण्यात, रात्रभर विश्लेषण करणार नसाल तर, काही मिळत नाही. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी ४ जीबीच्या लॅपटॉपवर हॅश ४०९६ केलं होतं, जास्त तेवढं चांगलं म्हणून. विंडोजला श्वास घ्यायला जागा उरली नाही, सगळं डिस्कवर लिहायला लागलं आणि माउसचा बाणसुद्धा हलेना. काका म्हणाले, "इंजिन विचार करतंय वाटतं."

मल्टीपीव्ही म्हणजे किती पर्याय दाखवायचे. १ ठेवलं तर फक्त सर्वोत्तम चाल दिसते. शिकण्यासाठी ३ ठेवा. पहिल्या तिन्ही चालींपुढे इंजिन वरचढपणाचा जो आकडा देतं त्यात फरक नगण्य असेल तर तुमची चाल "चुकली" म्हणून हळहळायचं कारण नाही. पहिली आणि दुसरी यांत दोनाचा फरक असेल तर तिथे एकच चाल होती आणि ती तुम्हाला दिसायला हवी होती. आख्ख्या विश्लेषणात सगळ्यात जास्त शिकवणारी खूण हीच, असं माझं मत आहे.

हा आकडा वाचण्याबद्दल एक जुना समज बदलायला हवा. अधिक १.०० म्हणजे एक प्यादं वरचढ, असं आपण वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो. डिसेंबर २०२२ मधल्या १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशने हा अर्थ बदलला. आता अधिक १.०० म्हणजे तितक्याच ताकदीच्या इंजिनाविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के. स्टॉकफिश विरुद्ध स्टॉकफिश अशी ही शक्यता आहे, तुमची आणि शेजारच्या बंड्याची नाही. ०.४० ने मागे आहोत म्हणून क्लबच्या डावात खांदे पाडण्यात अर्थ नाही.

खोलीचा, म्हणजे इंजिन किती चाली पुढचं बघतंय त्याचा, आकडाही असाच फसवा. स्टॉकफिशची ३० आणि दुसऱ्या इंजिनाची ३० सारखी नसते. जुन्या लॅपटॉपवर डाव तपासताना मी खोली बघतच नाही, प्रत्येक अवघड स्थितीला वीस-तीस सेकंद देतो. आमच्या पातळीच्या चुका त्याच्या आतच उघड्या पडतात. आणि इंजिन चालू करण्याआधी डाव एकदा स्वतः बघून, जिथे शंका आली तिथे पेन्सिलने खूण करून ठेवायची. इंजिन आधी लावलं की डोकं बंद होतं. माझंही होतं.

लीला कुणी घ्यावी

स्वतःशीच खेळून बुद्धिबळ शिकलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमची वार्ता डिसेंबर २०१७ मध्ये आली. गुगलच्या डीपमाइंडने तो प्रोग्रॅम विकायला काढला नाही, तेव्हा त्याच पद्धतीने स्वयंसेवकांनी २०१८ मध्ये लीला चेस झीरो सुरू केलं. ती स्टॉकफिशपेक्षा वेगळ्या पद्धतीने विचार करते: थोड्याच स्थिती बघते, पण प्रत्येकीकडे मोठ्या न्यूरल नेटवर्कमधून बघते. स्टॉकफिश सेकंदाला लाखांत मोजत असताना लीला हजारांत मोजते. तिच्या पाटीवर खोली १२ दिसली तरी घाबरू नका.

हे मोठं जाळं चालवायला ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि सोय एनव्हिडियाच्या कार्डाची सगळ्यात चांगली आहे. घरात मुलाने गेमसाठी आरटीएक्सवाली मशीन घेतली असेल तर जरूर बसवा. जीटीएक्स १६५० सारख्या कार्डावरही चालते, फक्त जाळं लहान किंवा मध्यम घ्यायचं. लीलाचं इंजिन वेगळं आणि जाळ्याची फाइल वेगळी उतरवावी लागते, हे लक्षात ठेवा. तिच्यासाठी निब्लर नावाचा मोफत पट आहे, त्यात प्रत्येक पर्यायी चालीचे बाण आणि टक्के पटावरच दिसतात. बंद स्थितींमध्ये, प्यादी एकमेकांत अडकलेली असताना, लीलाचं मत विचारण्याजोगं असतं. ग्राफिक्स कार्ड नसेल तर लीलाचा नाद सोडा, फक्त मैयासाठी ठेवा. ती जाळी इतकी छोटी आहेत की साध्या प्रोसेसरवरही विनातक्रार चालतात.

फोनवर

अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश. मोफत, जाहिराती नाहीत, आत स्टॉकफिश आहे, इंटरनेट लागत नाही. एसटीच्या प्रवासात घाटात रेंज गेली तरी चालतं. आयफोन असो की अँड्रॉइड, लिचेसचं ॲपही पुरतं. ॲप स्टोअरवर बुद्धिबळाच्या नावाची शेकडो ॲप्स आहेत आणि दर तीन चालींनंतर जाहिरात दाखवणारी त्यात बरीच, त्यांच्या वाटेला जाऊ नका. फोनवर लांब विश्लेषण करत बसू नका, बॅटरी तव्यासारखी तापते.

ऑनलाइन डाव चालू असताना मात्र इंजिन बंद. खातं जातं, आणि जायलाच हवं. पत्राद्वारे खेळायच्या बुद्धिबळाची जागतिक संघटना, आयसीसीएफ, तेवढी इंजिन वापरायला परवानगी देते. तो वेगळाच खेळ आहे.

पैसे कधी मोजावेत

ताकदीसाठी कधीच नाही. विकतचं इंजिन फुकटच्या इंजिनापेक्षा सरस असायचे दिवस गेले. २०२१ मध्ये स्टॉकफिशच्या लेखकांनी हॅम्बुर्गच्या चेसबेस कंपनीवर जर्मनीत दावा लावला होता. विकत मिळणारं फॅट फ्रिट्झ २ हे स्टॉकफिशवरच बेतलेलं आहे आणि मुक्तस्रोत परवान्याच्या अटी मोडल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. घेणाऱ्याने यातून एवढंच बघावं की खोक्याच्या आत कुठलं इंजिन आहे.

पैसे मोजायचे ते संग्रहासाठी आणि सोयींसाठी. चेसबेसच्या मोठ्या डेटाबेसमध्ये एक कोटीच्या वर डाव आहेत, नीट तपासलेले, नावं सुधारलेली. मूल राज्य पातळीच्या पुढे गेलं, प्रतिस्पर्धी आदल्या रात्री कळतो आणि तो काळ्या सोंगट्यांनी काय खेळतो हे अर्ध्या तासात शोधायचं असतं, तेव्हा त्या पैशांचं चीज होतं. प्रशिक्षकही बहुधा त्याच स्वरूपात फाइली पाठवतात. त्याआधी घेतलेलं चेसबेस मी बहुतेक घरांत न उघडलेलंच पाहिलं आहे. आणि ते फक्त विंडोजवर चालतं. मॅकवाल्यांना विकतचंच हवं असेल तर हिआर्क्स चेस एक्सप्लोरर आहे.

शेवटची जोड: टेबलबेस

पटावर मोजक्या सोंगट्या उरल्या की विचार करायची गरजच उरत नाही, कारण प्रत्येक स्थितीचं उत्तर आधीच काढून ठेवलेलं आहे. रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये केलेली सिझिजी टेबलबेस सध्या सगळीकडे वापरतात. दोन्ही राजे धरून पाच सोंगट्यांपर्यंतचा संच १ जीबीच्या आत बसतो. सहांचा सुमारे १५० जीबी. सातांचा १६ टीबीच्या पुढे, तो घरी ठेवायच्या भानगडीत पडू नका, लिचेसवर फुकट विचारता येतो. पाचांचा संच मात्र कुठल्याही मशीनवर ठेवावा. सहांचा ठेवायचाच असेल तर एसएसडीवर, फिरत्या हार्डडिस्कवर इंजिन उलट मंदावतं.

संच एका फोल्डरमध्ये ठेवा आणि इंजिनच्या सेटिंगमध्ये सिझिजीपाथ या रकान्यात त्या फोल्डरचा पत्ता द्या. मग तपासून बघा. पांढरा राजा जी५ वर, पांढरा उंट ई४ वर, पांढरं प्यादं एच५ वर, काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात, खेळी पांढऱ्याची. पांढऱ्याकडे उंट आणि प्यादं जास्त, तरी डाव बरोबरीचा, कारण वजीर व्हायचं घर एच८ काळं आहे आणि उंट पांढऱ्या घरांचा. काळा राजा कोपरा सोडत नाही आणि त्याला तिथून कुणी हुसकावू शकत नाही. इंजिन चालू केल्याबरोबर ०.०० दिसायला हवं आणि टीबीहिट्स या नावापुढे शून्याहून मोठा आकडा. ०.०० आलं पण टीबीहिट्स शून्यच राहिले, तर इंजिनने ते स्वतःच्या डोक्याने काढलं आहे, टेबलबेस त्याला सापडलेलाच नाही. अशा वेळी फोल्डर उघडून बघा. पाचांच्या संचात २९० फाइली असतात. बहुतेकदा त्या सगळ्या त्याच नावाच्या आणखी एका फोल्डरच्या आत जाऊन बसलेल्या सापडतात.